सवलतीचा तास

“नीट बघून घ्या,” अण्णा म्हणाले. कार्ड त्यांनी काउंटरवर ठेवलं नाही, त्या मुलीच्या हातात दिलं, आणि तिचं बघून होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले.

मुलगी असेल बावीस-तेवीसची. कोल्हापुरातलं ते दुकान नवंकोरं होतं. आत एसीचा गारठा, आणि भिंतीला ओळीनं मांडलेले लॅपटॉप. तिनं कार्डाकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. अण्णा त्याच फेब्रुवारीत एसटीतून निवृत्त झालेले. डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. म्हाताऱ्यानं चुकून पोराच्या कार्डाऐवजी भलतंच कार्ड दिलं, असं तिला वाटलं असणार.

“काका, यात स्टुडंट कोण आहे?”

“मी,” अण्णा म्हणाले.

मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी फरशीकडे बघायला लागलो. त्या मुलीनं मात्र हसू आवरलं, कार्डावरचा नंबर टाइप केला आणि कार्ड परत पुढं केलं. अण्णांनी ते घेतलं नाही. मुदत बघितली का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. फोटो जुळवून बघितला का, असं विचारलं. तिनं बिचारीनं पुन्हा एकदा फोटो बघितला आणि हो म्हणाली. मग त्यांनी कार्ड घेऊन पाकिटात ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते अण्णा कसले. तिनं सहीसाठी कागद पुढं केला, तर त्यातली एकेक इंग्रजी ओळ त्यांनी मला मराठीत सांगायला लावली. रांग तुंबलेली, मला घाम फुटलेला, आणि मी आपला कीर्तनकारासारखा अर्थ सांगतोय. एका विद्यार्थ्याला वर्षात एकच लॅपटॉप. वर्षभर विकायचा नाही. आणि तिसरी अट, विद्यार्थ्यानं तो स्वतःच्या शिक्षणासाठी वापरायचा.

“म्हणजे मीच वापरायचा?”

“तसं लिहायची पद्धत असते, अण्णा. सगळेच डोळे झाकून सही करतात.”

अण्णांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि श्रीपती रामू चौगुले अशी पूर्ण सही केली.

ही गोष्ट २००७ सालच्या जुलैमधली. अण्णा गेले त्यालाही आता चार वर्षं होतील, आणि त्या दुकानाच्या जागी कपड्यांची शोरूम आहे. पण रांगेत हसणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, हसणं मात्र अजून लख्ख आठवतं. कारण मीसुद्धा मनात हसलोच होतो.

झालं होतं असं, की मे महिन्यात मी गडहिंग्लजच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची बी.एस्सी. झालो आणि पुण्याच्या मेहेंदळे नावाच्या गृहस्थांनी मला काम देऊ केलं. काम घरी बसून करायचं. रुग्णालयांचे प्रोग्रॅम लिहायचे, तेही एका ठरावीक परदेशी कंपनीच्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप ज्यानं त्यानं आपला आणायचा. तीन महिने चाचणी. पास झालो तर कायम. नाही झालो तर संकेश्वरला मामाचं खताचं दुकान होतंच, तिथं गल्ल्यावर बसायला मामा केव्हापासून बोलवत होता. मला खताचा वास सहन होत नाही आणि मामाचे विनोद त्याहून सहन होत नाहीत. तेव्हा माझ्यासाठी हा लॅपटॉप म्हणजे जन्माचा प्रश्न होता.

आता घोडं अडलं कुठं, तर किमतीत. लॅपटॉप चोपन्न हजारांचा. अण्णांचा बराचसा फंड ताईच्या लग्नात गेला होता, उरल्यातून त्यांनी माझ्यासाठी अठ्ठेचाळीस बाजूला काढले होते. एक दमडी वर नाही, असं आईनं आधीच बजावलं होतं. मग मी सवलतीच्या मागं लागलो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती कंपनी चांगली घसघशीत डेव्हलपर सवलत द्यायची, पण तिला आधी वर्गणी भरून सभासद व्हावं लागायचं आणि कामावर असल्याचं पत्र लागायचं. मेहेंदळे म्हणाले, पत्र चाचणीनंतर. म्हणजे लॅपटॉप घ्यायला पत्र पाहिजे आणि पत्र मिळवायला लॅपटॉप पाहिजे. उरली विद्यार्थी सवलत, साडेसहा हजारांची. ती मिळाली तर आमचं बसत होतं.

माझ्या कॉलेजच्या कार्डाची मुदत एकतीस मेला संपली होती. मी दुकानात फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणाला, कार्ड असलं की झालं, तारीख कोण बघत बसतंय. मी खुशीत घरात येऊन ते मोठ्यानं सांगितलं, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

अण्णांची कीर्ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते तेवीस वर्षं कंडक्टर होते, आणि पुढची सात वर्षं तिकीट तपासणी पथकात. मधल्याच एखाद्या थांब्यावर जीप आडवी लावून गाडीत चढायचे. कॉलेजची पोरं त्यांना वॉरंट म्हणायची. वॉरंट चढलं की ज्याच्या पासची मुदत संपली त्याची पाचावर धारण बसायची. सवलत हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा होता, उगीच घ्यायचा नाही. आईची आई एकदा नेसरीहून आमच्याकडे येत होती. वय सत्तर, पण वयाचा दाखला घरी विसरलेली. गाडीत जावईच कंडक्टर, म्हणून म्हातारी निर्धास्त बसली. जावयानं सासूचं पूर्ण तिकीट फाडलं. म्हातारी नंतर नऊ वर्षं जगली आणि दर दिवाळीला तेवढं बोलून दाखवत होती. आई आजही बोलते.

तर अण्णांनी माझं कार्ड हातात घेतलं, तारखेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “हे मेलेलं कार्ड आहे.”

मी खूप वाद घातला. विद्यार्थी होतो हे तर खरं आहे ना, दीड महिन्यानं काय बिघडतं, दुकानदारच देतोय तर आपलं काय जातं. त्यांनी कार्ड मला परत दिलं आणि ते पाणी तापवायला गेले. मी दोन दिवस जेवणावर राग काढला. संकेश्वरच्या गाडीच्या वेळासुद्धा विचारून आलो, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक कार्ड ठेवलं. मुक्त विद्यापीठाचं. त्यावर अण्णांचा टोपीतला फोटो.

“हे चालेल काय बघ,” ते म्हणाले. “मुदत आहे.”

मला आधी काही कळेना. मग कळलं तसा मी उडालोच. माझ्यासाठी ह्या माणसानं, ज्यानं सासूला सोडलं नाही त्यानं, निवृत्तीच्या वयात विद्यापीठात नाव घातलं होतं. खरं कार्ड, खरी मुदत, कुठं खोट नाही. मी त्यांना मिठी मारली आणि म्हणालो, अण्णा, तुम्ही तर आमचे गुरू निघालात, नियमातूनच वाट काढली. अण्णा नुसते हं म्हणाले. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठमोरी उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, अण्णांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

असा तो लॅपटॉप घरात आला. आई त्याला हळदीकुंकू लावायला निघाली होती, तिला मी कसंबसं थोपवलं. पहिला आठवडा मी स्वर्गात होतो. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी बरोबर सहाला अण्णा हातपाय धुऊन, चष्मा पुसत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“ऊठ. माझा तास.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण अण्णांना चेष्टा येत नव्हती. तिसरी अट, ते म्हणाले. सही केलीय. दिवसभर तू वापर, सहा ते सात मी वापरणार, तू तसाही त्या वेळी चहाला चौकात जातोस.

मी गेलो चहाला. मित्रांना सांगितलं, सगळे पोट धरून हसले. परत आलो तर अण्णा एका बोटानं अक्षरं शोधत होते. शेजारी शंभर पानी वही उघडलेली, तीत तारीख, सुरू सहा वाजता, बंद सात वाजता, अशी नोंद. तासाभरात चार ओळी झाल्या होत्या, आणि त्यांतली एक चुकून पुसली गेली म्हणून पुन्हा लिहिलेली. इतिहासाच्या कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर होतं. स्वाध्याय हातानंच लिहून द्यायचे असतात, तरी ते आधी लॅपटॉपवर लिहायचे आणि मग त्यावरून सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवायचे. एवढी उलटी मेहनत कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, अट लॅपटॉप वापरायची आहे.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. सहा ते सात म्हणजे सहा ते सात. शनिवार नाही, सण नाही. गणपतीत आरती साडेसहाला असायची, तर ह्यांनी गणपतीला सातची वेळ दिली. मला त्याचं हसू यायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा. वडील असेच आहेत म्हणून चारचौघात सांगायला बरं वाटायचं. पण माझं काम वाढत चाललं तसं त्या तासाचं ओझं व्हायला लागलं. मेहेंदळ्यांना नेमकं सहालाच फोन करायचं सुचायचं. हे बदलून दाखव, ते आत्ता उघड. मी सांगायचो, लाइट गेलीय. त्या तीन महिन्यांत गडहिंग्लजला जितकी लाइट गेली तितकी खरी कधीच गेली नसेल.

ऑक्टोबरात चाचणीचा शेवट आला. एका मोठ्या डॉक्टरांच्या रुग्णालयासाठी मी केलेला प्रोग्रॅम त्यांना इंटरनेटवरून चालवून दाखवायचा होता. डॉक्टर रविवारीच मोकळे, म्हणून रविवार, संध्याकाळी सहा. ते हो म्हणाले तर मी कायम. त्याआधीच्या सोमवारी प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी बंद पडत होता आणि का ते मला सापडत नव्हतं. डोकं भणभणत होतं. आणि सहा वाजता अण्णा आले, चष्मा पुसत.

मी म्हणालो, आज नाही. ते म्हणाले, तास माझा आहे. मी म्हणालो, आठवडाभर राहू दे. ते म्हणाले, माझा स्वाध्याय पुढच्या सोमवारी द्यायचाय. आणि मग माझा तोल गेला.

“तुम्ही काय खरे विद्यार्थी आहात काय, अण्णा? साडेसहा हजारांसाठी नाव घातलंय आपण. कोण बघायला येणार आहे तुम्ही वापरता की नाही? माझ्या पोटावर पाय देऊन कसला अभ्यास करताय?”

आई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. अण्णांनी टेबलावरची आपली वही उचलली, काखेत घातली.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले, आणि मागच्या अंगणात निघून गेले.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी नाहीत, गुरुवारी नाहीत. प्रोग्रॅममधली चूक मला बुधवारीच सापडली, तरी मी त्यांना बोलावलं नाही. खरं सांगतो, बरंच वाटलं होतं. फक्त सहा वाजले की कान दाराकडे जायचे. आई माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होती. वाढू का, पुरे का, एवढंच.

शुक्रवारी रात्री जेवताना अण्णांनी जाहीर केलं, की ते सोमवारी कोल्हापूरला जाणार. पोस्टातली एक ठेव मोडली होती. सवलतीचे साडेसहा हजार ते दुकानात परत भरणार होते. अट पाळली जात नाही तर सवलत ठेवता येत नाही, असं सरळ होतं त्यांचं. मी सांगून बघितलं, की दुकानात असे पैसे घ्यायची सोयच नसते, ती पोरगी तुम्हाला वेड्यात काढेल. ते म्हणाले, पावती नाही दिली तरी चालेल.

मला रडावं की हसावं कळेना. हा माणूस सोमवारी दुकानात जाऊन आमच्या पोरानं सवलत लाटली म्हणून सांगणार. आणि मोडलेली ठेव आईच्या नावावरची होती, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली.

शनिवारी आई माझ्याजवळ आली. म्हणाली, उद्या सकाळी कॉलेजात जा, रविवारी तिथं विद्यापीठाचे तास असतात. तिथल्या मगदूम सरांना भेट. ते त्यांना समजावतील, सरांचं ते ऐकतात. मी विचारलं, आई, तूच का नाही समजावत? ती म्हणाली, “मला शपथ घातलीय.” कसली ते सांगेना.

रविवारी अकराला मी कॉलेजात गेलो. त्याच कॉलेजात मी तीन वर्षं काढली होती, पण रविवारी त्याची कळाच वेगळी. व्हरांड्यात चपलांची रांग, एका कोपऱ्यात कुणाचं तरी लहान मूल झोळीत निजलेलं. मगदूम सर अभ्यासकेंद्राचे प्रमुख. ऑफिसबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. मी ओळख सांगितली, आणि आपली अडचण मोठ्या शहाणपणानं मांडली. म्हणालो, सर, अण्णांनी माझ्या लॅपटॉपच्या सवलतीपुरतं नाव घातलंय. शिकायचं वगैरे काही नाही. पण ते नियमाला फार धरून असतात, तेव्हा नुसतं नाव असलं तरी चालतं, स्वाध्याय नाही दिला तरी बिघडत नाही, असं तुम्ही त्यांना सांगा.

सरांनी कप खाली ठेवला.

“लॅपटॉप कधी घेतलात?”

“जुलैत.”

“श्रीपतराव माझ्याकडे गेल्या वर्षीपासून येतायत. बारावी झालेली नव्हती म्हणून आधी पूर्वतयारीची परीक्षा दिली त्यांनी. नोकरीत असताना. रविवारची ड्युटी बदलून घ्यायचे आणि डबा घेऊन यायचे. आमच्या केंद्रात पहिले आले. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत.” सर माझ्याकडे बघत राहिले. “तुम्हाला घरी ठाऊक नाही?”

गेलं वर्षभर अण्णांना दर रविवारी जादा ड्युटी असायची. आई डबा भरून द्यायची. निवृत्त झाल्यावर ते रविवारी पेन्शनरांच्या बैठकीला जायला लागले, आणि दर आठवड्याला बैठक कसली असते, किंवा दोन दिवसांत विद्यापीठाचं कार्ड कुठून आलं, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी ती सगळी समज जागच्या जागी कोसळली. त्यांनी माझ्यासाठी नाव घातलंच नव्हतं.

समोरच्या वर्गात हजेरी चालली होती. मी खिडकीशी गेलो. शिकवणारा पोरगा माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल. बाकांवर एक अंगणवाडीच्या बाई, एक सुट्टीवर आलेला जवान, दोघी-तिघी नव्या लग्न झालेल्या पोरी, आणि दुसऱ्या बाकावर टोपी काढून मांडीवर ठेवलेले अण्णा.

“चौगुले श्रीपती.”

अण्णा उठून उभे राहिले. बाकीचे बसल्या जागेवरून हात वर करत होते, हे उभे राहिले.

“हजर, सर.”

आयुष्यात मी अण्णांना कुणापुढं असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. डेपो मॅनेजरपुढंसुद्धा नाही. सोमवारी आपण काय बोललो ते शब्द न् शब्द आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तास सुटेपर्यंत मी फाटकाशी थांबलो. अण्णा बाहेर आले, मला बघून जागीच थबकले, मग त्यांची नजर माझ्यामागं मगदूम सरांच्या खुर्चीकडे गेली आणि त्यांना सगळं समजलं. आम्ही चालायला लागलो. मी विचारलं, सांगितलं का नाही?

“काय सांगायचं? नापास झालो असतो तर डेपोत हसं झालं असतं. तुझंही कॉलेज चाललेलं. बाप-लेक एकदम शिकायला निघाले म्हटल्यावर लोकांना विषयच.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “आणि तू म्हणालास, माझ्यासाठी नाव घातलंत. म्हटलं, बरं झालं. हे कारण चारचौघात सांगण्यासारखं आहे.”

“आणि खरं कारण?”

रस्त्यानं एक एसटी गेली. अण्णांनी सवयीनं तिचा बोर्ड वाचला, चंदगड.

“सात वर्षं लोकांची कार्डं बघितली, धैर्यशील. मुदत संपलेली, खाडाखोड केलेली, भावाचं कार्ड घेऊन आलेली. खरीपण बघितली. खरं कार्ड दाखवणारं पोर कसं उभं राहतं ठाऊक आहे? मोकळं. आपल्याकडे बघतसुद्धा नाही, दाखवतं आणि खिडकीबाहेर बघायला लागतं. मला दहावीनंतर घरच्यांनी काढलं शाळेतनं. मला एकदा तसं उभं राहायचं होतं.” मग ते किंचित हसले. “त्या दुकानातल्या पोरीनं धड बघितलंपण नाही. दोनदा सांगायला लागलं.”

ते कार्ड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दाखवलं होतं, आणि मी त्या वेळी फरशीकडे बघत होतो. मी रस्त्यातच थांबलो. म्हणालो, अण्णा, मी चुकलो. त्या सोमवारी मी फार वाईट बोललो.

“तुझंही पोट आहे त्यात,” ते म्हणाले. “चल, ऊन लागतंय.”

घरी आलो तेव्हा आईनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता ताट वाढलं. त्या दिवशी तिनं मला भाकरीबरोबर लोणी दिलं, आठवडाभरानं.

दुपारी मी मेहेंदळ्यांना फोन लावला. म्हणालो, आज सहाला जमणार नाही, सातला दाखवतो. त्यांचा आवाज चढला. डॉक्टरांना काय तोंड दाखवू, लाइट गेली असं सांगू का, असं विचारायला लागले. मी म्हणालो, लाइट आहे. पण सहा ते सात लॅपटॉप माझा नसतो. घरात एक विद्यार्थी आहे, उद्या त्याला स्वाध्याय द्यायचाय, आणि गेला आठवडा मी त्याला बसू दिलेलं नाही. मग ते म्हणाले, डॉक्टरांना विचारून बघतो, पण ते नाही म्हणाले तर मग आपलंही नाही. आणि फोन ठेवला.

पुढचं सांगायचं तर डॉक्टर सातला तयार झाले, प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नाही, आणि मेहेंदळ्यांकडे मी पुढं नऊ वर्षं होतो. अण्णांना बी.ए. व्हायला सहा वर्षं लागली, इंग्रजीनं त्यांना तीनदा लोळवलं. कोल्हापूरची त्यांची फेरी टळली आणि आईच्या ऑपरेशनचे पैसे घरातच राहिले. पण त्या रविवारी पावणेसहाला मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मेहेंदळ्यांचा उलट फोन आला नव्हता. मी टेबल पुसलं, खुर्ची ओढून ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन अण्णांना म्हणालो, चला, तुमचा तास.

ते आले. वही उघडली, तारीख घातली, वेळ लिहिली. मी दाराबाहेर पायरीवर बसलो, हातात फोन धरून. आत एका बोटाची टकटक चालली होती, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. पावणेसातला फोन वाजला. मेहेंदळे म्हणाले, सात म्हणजे सात, एक मिनिट पुढं गेलं तर चालणार नाही. बरं म्हणून मी फोन ठेवला. मी उठून दारासमोर येरझाऱ्या घालायला लागलो, आणि ते अण्णांना दिसलं असणार, कारण आतली टकटक थांबली.

अण्णांनी वहीत बंद झाल्याची वेळ लिहिली आणि चष्मा काढला.

“ये, बस. तुझं महत्त्वाचं आहे. माझं होईल हातानं.”

मी घड्याळात बघितलं. सातला दहा मिनिटं कमी होती.

“अजून दहा मिनिटं आहेत, अण्णा,” मी म्हणालो. “बसा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीतली वेळ खोडली, आणि बसले.